हवेतलं बंद, वायरीतलं चालू

आमच्या ओट्यावर आदिनाथ जिथे पाठ टेकून बसतो, तिथे भिंतीवर त्याच्या डोक्याच्या तेलाचा गोल उमटला आहे. घासणीने घासला, सोडा लावला, वरून चुन्याचा हात दिला, तरी आठवड्यात गोल पुन्हा हजर. शेजारी तुळशीच्या कुंडीवर गुटख्याचा लाल ओघळ, पायरीवर शेणाने बरबटलेल्या चपला, आणि मी ज्या दगडावर भांडी घासते त्या दगडावर, नळाखाली, कुणाचे तरी पाय. सकाळी दार उघडताना आधी नाकाला पदर लावायचा आणि मग देवाचं नाव घ्यायचं, असं माझं वर्षभर चाललं होतं.

हे सगळं वायफायने आणलं.

वायफाय आणला होता माझ्या लेकीसाठी, संस्कृतीसाठी. ती नगरच्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. लोक फोनवर भांडतात, ती ऐकून घेते. मागच्या खोलीत कानाला ते लावून दिवसभर "सर, मी आपली अडचण समजू शकते" म्हणत असते, आणि मग जेवायला बसली की माझ्यावर खेकसते. आमच्या भिंती दगडी, जाड. हवेतलं नेट तिच्या खोलीपर्यंत जाताना वाटेतच दमायचं. म्हणून वायफायच्या डब्यापासून तिच्या कॉम्प्युटरपर्यंत एक निळी वायर ओढून घेतली. डबा माजघरात, देवाच्या फळीच्या खाली. तिथून वायर दारावरून, कॅलेंडरवरून, माझ्या मसाल्याच्या बरण्यांमागून मागच्या खोलीत जाते. वायर बसवणाऱ्याने जाताना सांगितलं होतं, डब्याच्या पाठीला एक बारीक बटन आहे, ते दाबून धरलं की हवेतलं बंद होतं, वायरीतलं चालू राहतं. तेव्हा मी फक्त मान हलवली. हवेतलं कशाला कोण बंद करील?

मग माझ्या मोठ्या दिरांना वायफायचा शोध लागला.

मोठे दीर, कारभारी, हेडी आहेत. हेडी म्हणजे जनावरांचा दलाल. घोडेगावचा शुक्रवारचा बाजार म्हणजे आमच्याकडे सणच. लांबलांबून गाई-म्हशी उतरतात, हायवेला टेम्पोंची रांग लागते. बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. हेडी आणि गिऱ्हाईक एका टॉवेलाखाली हात घालतात आणि बोटं धरून आकडा ठरवतात. बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. दिरांचं आयुष्य त्या टॉवेलाखाली गेलं. पण हल्ली लांबची गिऱ्हाइकं म्हणतात, आधी मोबाईलवर जनावर दाखवा. मोबाईलला नेट पाहिजे. नेट धाकट्या भावाच्या घरी, फुकट. मग काय, आमचा ओटा झाला त्यांचं ऑफिस. आदिनाथ त्यांचा भागीदार. पोट शर्टाबाहेर, तोंडात गुटखा, हातात मोबाईल, आणि मोबाईलमधून दिवसभर मोठ्या आवाजात कोण नाचतंय, कोण कुणाच्या कानाखाली वाजवतंय.

पासवर्ड आमच्या ह्यांनी दिला. हे म्हणजे आसाराम. ह्यांची पिठाची गिरणी आहे. पापण्यांवर कायम पीठ, त्यामुळे हे रागावले तरी माणसाला वाटतं झोपेतून उठलेत. मी म्हटलं, "पासवर्ड कशाला दिला?" तर म्हणाले, "अगं, दादानं मागितला. पानी मागितलं तर न्हाई म्हनतो का आपुन?"

पाण्याचा तांब्या निदान परत तरी येतो.

आता तुम्ही म्हणाल, सरळ सांगायचं की, उठा म्हणून. तर ते जमणार नव्हतं. मोठ्या दिरांसमोर मी आजवर तोंडातून शब्द काढलेला नाही. ते आले की डोक्यावर पदर आणि दाराआड. तेही माझ्याशी बोलत नाहीत. काही सांगायचं असलं तर ह्यांना सांगतात, हे नसले तर भिंतीला. "आसाराम असता तर म्हटलं असतं, च्या मिळंल का," असं भिंतीला म्हणायचं, की मी आत आधण ठेवायचं. आमच्या घराण्यात ह्याला मर्यादा म्हणतात. ओट्यावर पिचकारी मारायला कसली मर्यादा लागते, ते मात्र कुणी मला सांगितलेलं नाही.

हे सगळं मी गिळलं. माणसाला घाणीचीही सवय होते. पण त्या बुधवारी त्यांनी गाय आणली.

काळीपांढरी संकरित गाय, दुसऱ्या वेताची, देखणी. वासरू कुठे आहे विचारलं तर कळलं, आधीच वेगळं विकलं. अंगणातल्या खुंट्याला बांधली. संध्याकाळ झाली, मी वाट पाहिली, धारेला कुणी बसेना. मी वरखेडच्या गोठेवाल्यांची पोर. गाय धारेच्या वेळेला कशी मान वळवून बघते ते मला ठाऊक आहे. ती बघत होती. ओट्यावर आदिनाथ रील बघत होता.

मी ह्यांना विचारलं, "गाय पिळायची न्हाई का?"

हे म्हणाले, "शुक्रवारी बाजार हाय ना."

म्हणजे तुंबवणार. बाजारात सगळ्यांनाच ठाऊक असलेली आणि कुणीच न बोललेली गोष्ट आहे ही. जनावर विकायच्या आधी पिळायचं नाही. कास फुगते, टम्म दिसते, गिऱ्हाइकाला वाटतं भरपूर दुधाची आहे. लहानपणापासून ऐकत आले, पण माझ्या अंगणात, माझ्या भांड्याच्या दगडापासून चार पावलांवर, पहिल्यांदाच बघत होते.

गुरुवारी दुपारपर्यंत तिला मागचे पाय जवळ घेता येईनात. कासेवर शिरा दोरीसारख्या वर आल्या, कातडी ताणून चकाकायला लागली. बसायचा प्रयत्न करायची, गुडघे वाकवायची आणि पुन्हा उभी राहायची. दूध आपोआप ठिबकायला लागलं, तेव्हा आदिनाथ खिशातून कसलीशी ट्यूब काढून खाली वाकला. मी खिडकीतून बघत होते. त्याने एकेका सडाच्या तोंडाला गोंद लावला. लावून झाल्यावर बोटं माझ्या दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलाला पुसली, आणि त्याच बोटांनी पुडी फाडून तोंडात टाकली.

मला उलटी आली. खरंच आली. मोरीत जाऊन करून आले.

तोंड धुऊन बाहेर आले आणि केरसुणी घेऊन गायीजवळ झाडायला लागले. दीर ओट्यावर होते. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी गायीला म्हणाले, "बाई गं, तुझ्या कासेला दगडी झाली, तर ह्यांच्या हाताला तरी काय लागनार हाय?"

दगडी म्हणजे कासेचा रोग. कास दगडासारखी होते, सड कायमचं जातं.

दीर खांबाला म्हणाले, "आसारामच्या घरात लई शानी मानसं झालीत."

आदिनाथ हसला. हसताना त्याच्या तोंडातून जे उडालं ते तुळशीवर पडलं.

शुक्रवारी गाय बाजारात नेली आणि दुपारी परत आणली. भाव आला नाही म्हणे. खरं काय ते संस्कृतीने मोबाईलवर गावातल्या पोरींकडून काढलं. दोन गिऱ्हाइकांनी कासेला हात लावला, कास गरम लागली, आणि ते न बोलता पुढे गेले. मला वाटलं, आता तरी पिळतील. तर दीर ओट्यावर बसून म्हणाले, "जामखेडची राहीबाई हाय. गोठा हाय तिचा. आत्ता मोबाईलवर दावतो अन् आजच मिटवतो. कास अशीच ऱ्हाऊ द्या."

मी ह्यांना आत बोलावलं. "तुमी त्यांना सांगा. आता पिळली न्हाई तर ती जाईल."

हे बाहेर गेले. दाराआडून मला सगळं ऐकू येत होतं.

"दादा, मी काय म्हनतो, गाय जरा..."

"काय जरा?"

"न्हाई, कासंला जरा..."

"गिरनी बंद हाय का आज?"

"न्हाई, चालू हाय."

"मंग?"

हे परत आत आले. पापण्यांवरचं पीठ ओलं झालं होतं. "थोडाच येळ म्हनतोय दादा," असं म्हणून गिरणीवर निघून गेले. माणूस वाईट नाही. भावापुढे त्यांच्या पाठीचा कणा पिठाचा होतो, एवढंच.

व्हिडिओ लागला. राहीबाईंचा आवाज त्या डबडीतून सुद्धा अंगणभर गेला. "दावा गाय! तुमचं थोबाड नगं, गाय दावा!"

आदिनाथने मोबाईल गायीसमोर फिरवला. मागून, बाजूने, कासेच्या खालून.

"कास चांगली दिसती," राहीबाई म्हणाल्या. "धार काढून दावा."

दीर म्हणाले, "आत्ता कुठं, राहीबाई. येळ झाली का धारंची?"

"मंग सांजच्याला बोलू."

"सांजपत्तूर गाय ऱ्हाती व्हय? गिऱ्हाईक दारात हुबं हाय."

दारात एक कुत्रं उभं होतं.

"बरं, भाव सांगा," राहीबाई म्हणाल्या.

इथे दिरांनी काय केलं असेल? त्यांनी मोबाईल आदिनाथच्या मांडीवर ठेवला, त्यावर आपला टॉवेल टाकला आणि टॉवेलाखाली हात घातला. बाजारातले आणखी दोघे ओट्यावर येऊन बसले होते ना. उघड्यावर बोटं कशी दाखवणार? जन्माची सवय.

"आंधार झाला!" टॉवेलातून राहीबाई ओरडल्या. "कारभारी, मला काय बी दिसंना! मेले का काय तुमी?"

"व्यवहार हाय, राहीबाई. आडोशाला पायजे."

"आवो पर आडोशात दिसाया तर पायजे! ब्याटरी लावा आत!"

आदिनाथने दुसऱ्या मोबाईलची बॅटरी लावून टॉवेलाखाली सरकवली. टॉवेल आतून उजळला, गणपतीच्या मखरासारखा. त्या उजेडात दिरांची बोटं हलत होती, आणि अंगणात गाय हळूहळू, घशातल्या घशात कण्हत होती. हंबरणं नाही ते. म्हातारं माणूस झोपेत करतं तसला आवाज.

एकदा सौदा मिटला की गाय तशीच टेम्पोत चढणार, जामखेडपर्यंत तशीच हिंदकळत जाणार. पोचेपर्यंत त्या कासेचं काय राहील? आणि मला ओरडून राहीबाईंना सांगता येत नव्हतं, कारण मधे दीर बसले होते.

मी माजघरात गेले. डबा खाली घेतला. त्याची पाठ धुळीने भरली होती, पदराने पुसली. बटन एवढंसं होतं, ज्वारीच्या दाण्याएवढं. नखाने दाबून धरलं. डब्यावरचे दिवे लुकलुकले, त्यातला एक गेला. बाकीचे राहिले. मागच्या खोलीतून संस्कृतीचा आवाज आला, "हो मॅडम, मी आपली अडचण समजू शकते."

वायरीतलं चालू होतं.

बाहेर टॉवेलाखाली शांतता पसरली.

"राहीबाई? ओ राहीबाई?" दिरांनी टॉवेल उचलला. मोबाईलवर राहीबाई तोंड उघडं आणि एक डोळा मिटलेला अशा थिजल्या होत्या. "ही काय करती गं बया?"

"नेट गेलं," आदिनाथ म्हणाला.

"कुठं गेलं?"

"आज बाजार हाय ना. समद्यांनी वापरलं, संपलं आसंल."

"आसारामला म्हनावं भरून आन."

मग त्या चौघांनी जे केलं ते मी खिडकीतून पोटभर बघितलं. एकाने मोबाईल झटकला, थर्मामीटर झटकतात तसा. एक ओट्याच्या कठड्यावर चढला. आदिनाथ गायीपासून लांब गेला, म्हणाला, "जनावराच्या अंगानं अडतंय." दीर मोबाईल दोन्ही हातांत धरून उन्हात उभे राहिले, सूर्याला अर्घ्य द्यावं तसे. कुणाच्याही मोबाईलमध्ये पॅक नव्हता. वर्षभर माझ्या घरचं फुकट मिळत होतं, पॅक मारायची सवयच गेली होती त्यांची. शेवटी ठरलं की हायवेला मोबाईलच्या दुकानात जायचं, पॅक मारायचा. एकट्याने जायला कुणी तयार नाही, कारण सौदा कुणाच्या मोबाईलवर होणार हा प्रश्न होता. चौघेही गेले. जाताना आदिनाथ पायरीवर थुंकला, आठवणीने.

ओटा मोकळा झाला. मी बादली घेतली, गरम पाणी घेतलं, खोबरेल तेलाची बाटली घेतली, आणि गायीजवळ बसले.

आधी नुसता हात ठेवला कासेवर. तव्यासारखी भाजत होती. गाय थरथरली, पण लाथ मारली नाही. गरम पाण्याचं फडकं धरलं, तेल चोळलं, आणि नखाने गोंद सोडवायला लागले. तो पापुद्रा पापुद्रा निघत होता आणि त्याबरोबर कातडीही. एकदा तिने पाय उचलला, तशी मी म्हटलं, "मार बाई, पर मला नगं मारू, आदिनाथला मार." तिने पाय खाली ठेवला.

पहिली धार मी जमिनीवर सोडली. धार कसली, फुटलेल्या दह्यासारख्या गुठळ्या. खारट, आंबूस वास आला. मग दुसरं सड, तिसरं सड, तसंच. नंतर हळूहळू दूध पातळ झालं, बादलीत आवाज यायला लागला. मागच्या बाजूचं डावं सड मात्र नुसतं लालसर पाणी देत होतं. तिथे कास खालून घट्ट होती, कच्च्या पपईसारखी. मी तिला फार दाबलं नाही. फडकं धरून ठेवलं. बादली अर्धी झाली, फेस वर आला, गायीने मान खाली घातली आणि पुढ्यातल्या कडब्याला पहिल्यांदा तोंड लावलं.

माझी मान खाली, पदर खांद्यावरून घसरलेला, हात कोपरापर्यंत दुधात, तेलात आणि त्या गोंदाच्या चिकट्यात. आणि मागून आवाज आला.

"ही बगा, ही बगा गाय, राहीबाई, आता नेट फस्क्लास आलंय..."

आदिनाथ मोबाईल पुढे धरून अंगणात शिरला होता. त्याच्या मागे दीर. मोबाईलमध्ये राहीबाई. मोबाईलसमोर मी, बादली आणि रिकामी होत आलेली कास.

दीर जागेवर थांबले. रागाने त्यांचं तोंड उघडलं, माझ्याकडे बघून शब्द ओठांवर आला आणि तिथेच अडकला. मर्यादा आडवी आली. त्यांनी गर्रकन गिरणीकडे तोंड केलं. "आसाराम! ए आसाराम! तुझ्या मंडळीनं काय केलंय ये बघाया!"

हे पळत आले.

पण त्याआधी मोबाईल बोलला. "कोन गं बाई तू?"

राहीबाई माझ्या दीर नव्हत्या. त्यांच्याशी बोलायला मला कसली आडकाठी? मी पदर डोक्यावर घेतला आणि मोबाईलकडे बघून म्हणाले, "मी ह्या घरची सून. छबू."

"दूध कवाचं हाय ते?"

"बुधवारपासनं पिळली न्हवती. सडाला गोंद लावलेला. तीन सडं निघाली. मागचं डावं दुखरं हाय, लाल पानी येतंय. कास गरम हाय. खोटं सांगत न्हाई."

आदिनाथने मोबाईल खिशात घातला. खिशातून राहीबाई ओरडत राहिल्या. "काढ भायेर! ए पोटल्या, काढ मला भायेर!" त्याने काढला.

"कारभारी," राहीबाई म्हणाल्या, "बरं झालं ध्यान दिलं न्हाई तुमच्या टॉवेलाकडं. मला गाय पायजे. तीन सडांच्या भावानं पायजे. उद्या मी सोता येते टेम्पो घिऊन. तवर ह्या सुनेनंच पिळायची, दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाई. कासंला कमीजास्त झालं तर समद्या बाजारात सांगत फिरंन."

आणि मोबाईल बंद केला.

मग दीर ह्यांना म्हणाले, "ते दूध तरी डेरीला घाल. वाया नको जायला."

त्या बादलीत गुठळ्या होत्या. तळाशी लाल रेघ होती. ते दूध डेरीच्या टाकीत जाणार, टाकीतून नगरला, आणि तिथून कुणाच्या पोराच्या पेल्यात. हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. मला गोंदाची किळस आली होती, थुंकीची आली होती, पण त्या एका वाक्याची जी आली ती अजून गेलेली नाही.

मी बादली उचलली आणि सगळं दूध गटारीत ओतलं. आमच्याकडे दूध सांडलं तरी बाया त्याला हात लावून कपाळाला लावतात. ओतून देणारी बाई कुणी पाहिली नव्हती. ओट्यावरचे दोघे उठून उभे राहिले. हे म्हणाले, "अगं..." एवढंच. पांढरा ओघळ गटारीतून आदिनाथच्या चपलांपर्यंत गेला आणि त्याने पाय उचलून घेतले. त्यालाही किळस येते हे मला तेव्हा कळलं.

पाय उचलून तो मागे सरत घराच्या बाजूने गेला, थेट मागच्या खोलीच्या खिडकीपाशी. आत संस्कृती कॉम्प्युटरसमोर बसून कुणाशी तरी बोलत होती. त्याने वाकून बघितलं. "आयला, कारभारी, हिचं नेट तर चालू हाय! मघापासनं चालू हाय!"

दीर माजघराकडे बघायला लागले, जिथे माझ्या हाताने पुसलेला डबा आता इतर सगळ्या वस्तूंपेक्षा स्वच्छ दिसत होता.

"आसाराम," ते म्हणाले. "त्या डब्याला काय केलंय बघ. कुठलं तरी बटन आसतं म्हनं. चालू कर."

हे आत आले. मी दारात उभी. ह्यांनी डबा खाली घेतला, उलटा केला. बटन समोर होतं. आजूबाजूची धूळ पुसलेली, आणि बटनावर माझ्या नखाची ताजी खूण. ह्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्या हातांकडे. तेल अजून कोपरापर्यंत होतं.

"सापडलं का?" बाहेरून दीर.

ह्यांनी डबा सुलटा केला.

"न्हाई सापडत, दादा," हे म्हणाले.

"नीट बघ की!"

"बघितलं. न्हाईच हाय." डबा जागेवर ठेवून हे गिरणीवर निघून गेले, मागच्या दाराने. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी दादाला नाही म्हटलं, आणि मग अंधार पडेपर्यंत गिरणीच्या बाहेर पडले नाहीत.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी मीच धार काढली. डॉक्टरांना ह्यांनी फोन लावून दिला. त्यांनी येऊन इंजेक्शन दिलं आणि सांगितलं की वरचेवर पिळा, शेक द्या, सड वाचेल की नाही ते आत्ता सांगता येणार नाही.

शनिवारी राहीबाई आल्या. टेम्पोत पुढे बसून, लुगडं, मनगटावर गोंदण, मांडीवर स्वतःची स्टीलची बादली. उतरल्या त्या थेट गायीपाशी. कुणाला रामराम नाही. हात धुतले, चारही सडं एकेक करून दाबून बघितली, डावं सड बराच वेळ हातात धरलं. मला म्हणाल्या, "शेक कशाचा दिलास?"

"मिठाच्या पान्याचा."

"हं." मग दिरांकडे वळल्या. खांद्यावरचं फडकं काढून हात पुढे केला आणि हातावर टाकलं. "घाला हात, कारभारी. भाव करू."

ओट्यावर बरीच माणसं जमली होती. हवेतलं अजून बंदच होतं, म्हणून मोबाईल कुणाच्याच हातात नव्हता, बघायला दुसरं काही नव्हतं. दीर मागे सरकले.

"बाईमानसाच्या हातात हात... न्हाई, राहीबाई. तोंडानं सांगतो."

"तोंडानं? सांगा की. भाव बी सांगा, कवापासनं तुंबवली ते बी सांगा, गोंद कुनी लावला ते बी सांगा. म्या ऐकते. ही समदी बी ऐकत्यात."

दिरांनी ओट्याकडे बघितलं. सगळे बाजारातलेच लोक, सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, पण ते तोंडाने ऐकायला सगळे पुढे वाकले होते. मग दिरांनी हात फडक्याखाली घातला, चुलीत घालावा तसा.

आत काय झालं ते दिसलं नाही. राहीबाईंचं मनगट हलत होतं, वरून खाली, वरून खाली, आणि दिरांच्या कपाळावर घाम येत होता. पन्नास वर्षं धारा काढणारा हात तो. दीर एकदा "बास" म्हणाले, एकदा "आवो" म्हणाले, आणि शेवटी मान हलवली. भाव किती झाला ते मला माहीत नाही. हात बाहेर आला तेव्हा बोटं पांढरी पडली होती. दीर नळावर गेले आणि माझ्या भांड्याच्या दगडावर, माझाच साबण घेऊन, बराच वेळ हात धूत बसले.

गाय टेम्पोत चढवली. राहीबाई पुढे बसायच्या आधी माझ्याकडे आल्या. "वाटंत कुठं पिळू?"

"नगरला थांबा. डावं सड शेवटी घ्या. त्याचं भुईवर सोडा, बादलीत नगं. अन् तो हात धुतल्याबिगर बाकीच्यांना लावू नका."

"मला शिकवतीस?" त्या म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. "बरं केलंस. तुझ्या घरात ऱ्हाऊन बोललीस, ह्येच लई झालं." आणि चढून बसल्या.

टेम्पोवाल्याने गाडी चालू केली. मी हात वर केला, थांब म्हटलं. मागच्या फळीच्या फटीतून हात आत घातला आणि कासेला लावून बघितला. तीन बाजूंनी मऊ होती. डावीकडे अजून गरम लागत होती, पण कालच्याइतकी नाही. गायीने शेपटी माझ्या मनगटावर मारली.

"जाऊ द्या आता," मी म्हटलं. "हळू न्या."